नाती आणि बोलणं: कोणती पुस्तकं घ्यावी, घरात ती वापरायची कशी?

गोकुळपेठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात 'नाती आणि बोलणं' असा एक कप्पा उघडतोय. जागा बारा पुस्तकांची. शिवाय दर रविवारी संध्याकाळी ५ ते ६:३० आठ-नऊ जण बसून त्यातलं एकेक पुस्तक वापरून बघणार आहेत. नुसतं वाचून नाही, वापरून. गटात लग्नाला वीस वर्षं झालेली जोडपी आहेत, दोन सासूबाई आहेत आणि लग्न ठरलेला एक मुलगा. मराठी सगळेच वाचतात, इंग्रजी निम्मे.

इथे नागपुरात बर्डीवरच्या दुकानांत या विषयाची भिंतभर पुस्तकं दिसतात आणि मागच्या पानावरचा मजकूर सगळ्यांचा एकसारखा. कोणती घ्यायची, त्यातलं घरात नेमकं काय करायचं आणि ते कुठे फसतं, जाणकारांनी सांगावं. 'या पुस्तकानं माझं आयुष्य बदललं' असे प्रतिसाद कृपया नकोत. वाक्यं द्या, मिनिटं द्या.

महालकर

बारा कशाला, पाच पुरे. उरलेल्या जागेत त्याच पाचांच्या जास्तीच्या प्रती ठेवा. नवराबायकोला एकाच आठवड्यात एकच पुस्तक हवं असतं, आणि एक प्रत असली की ती ज्याच्या हातात तो दुसऱ्याला शिकवायला लागतो.

घेण्याआधी पुस्तकाची जात ओळखायची. पहिली जात 'माणसं जिंका'वाली. डेल कार्नेगीचं १९३६ चं पुस्तक हा तिचा मूळपुरुष. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, टीका टाळा, त्याच्या आवडीच्या विषयावर बोला. दुकानदाराला, विमा एजंटला, नवीन नोकरीला लागलेल्याला ते आजही उपयोगी पडतं. घरात लवकर संपतं, कारण घरातला प्रश्न समोरच्याला खूश करण्याचा नसतो, त्याला नको असलेलं बोलायचं कसं याचा असतो. मूळ आवृत्तीत घरसंसारावर वेगळा भाग होता, तो १९८१ च्या सुधारित आवृत्तीत काढून टाकला. यातच काय ते समजा.

दुसरी जात भांडणाची. मार्शल रोझेनबर्गचं अहिंसक संवादावरचं, जॉन गॉटमनचं विवाहावरचं (१९९९), आणि हार्वर्डच्या वाटाघाटी प्रकल्पातल्या तिघांचं अवघड संभाषणांवरचं, तेही १९९९ चंच. तुमच्या गटाला हीच जात लागणार. तिसरी जात स्वतःच्या डोक्यात चाललेल्या भांडणाची. अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार, जो मराठीत कि. मो. फडक्यांनी आणला. ज्यांना फक्त मराठी वाचायचंय त्यांनी फडक्यांपासून सुरुवात करावी, भाषांतराचा वास येत नाही.

आता वापर. मे महिन्यातलं नागपुरातलं हमखास भांडण घेऊ: कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं. रोझेनबर्गचे चार भाग असे बसतात.

निरीक्षण: 'या आठवड्यात तीन रात्री टाकी कोरडी होती.'
भावना: 'मला वैताग आला.'
गरज: 'सकाळी साडेपाचला उठायचं असतं, मला सलग झोप हवी असते.'
विनंती: 'आज दहाच्या आत टाकी भरशील का?'

पहिल्या भागात फसतं ते 'नेहमी' आणि 'कधीच' या दोन शब्दांनी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जे टिपता येईल तेवढंच निरीक्षण. कोरडी टाकी टिपता येते, 'निष्काळजीपणा' टिपता येत नाही. चौथ्या भागात फसतं ते वेगळ्या कारणानं: विनंतीला 'नाही' आलं की बोलणारा दोन दिवस फुगून बसतो. मग ती विनंती नव्हतीच, गोड आवाजातला हुकूम होता, आणि समोरच्याला ते पहिल्याच दिवशी कळतं.

पहिले दोन आठवडे फक्त पहिला आणि चौथा भाग वापरा. मधले दोन नवख्या तोंडी नाटकी वाटतात.

(अवांतर: रोझेनबर्गनं 'अहिंसा' हा शब्द गांधीजींच्या अर्थानंच घेतलाय. कार्नेगीचं पुस्तक आलं त्याच १९३६ साली गांधीजी आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर सेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले. शब्द वर्ध्याहून अमेरिकेला जाऊन, महाग होऊन, परत आपल्याच दुकानात आलाय.)

भरदुपारी

हे सगळं कागदावर बरं दिसते. घरी कोणी असं बोलून पाहा: 'जेव्हा तू ओला टॉवेल पलंगावर ठेवतोस तेव्हा मला अस्वस्थता जाणवते, कारण माझी सुव्यवस्थेची गरज अपूर्ण राहते.' समोरचा मेंटलला घेऊन जाईन ना बाप्पा!

अनुस्वार

भरदुपारी, हसलो. पण हा दोष तंत्राचा नाही, ते वाक्य इंग्रजीतून उचलून आणलंय त्याचा आहे. 'मला अस्वस्थता जाणवते' असं महाल-इतवारीत सोडा, पुण्यातही कोणी ओट्यापाशी उभं राहून बोलत नाही. 'ओला टॉवेल पलंगावर पाहिला की डोकं फिरतं माझं. दोरीवर टाकशील?' यात चारपैकी तीन भाग आलेत, आणि हे मराठी आहे.

या पुस्तकांत 'मी'पासून वाक्य सुरू करण्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठीला त्याची फारशी गरज नाही. आपल्याकडे राग येतो, कंटाळा येतो, रडू येतं, जिवावर येतं. भावना आपली आपण येते, ती कोणी पाठवली हे सांगावं लागत नाही. आपण हट्टानं 'तुझ्यामुळे' जोडतो तिथे बिघडतं. तो एक शब्द गाळला की निम्मं काम झालं.

मराठीचा स्वतःचा सापळा मात्र वेगळा आहे आणि तो कुठल्याच भाषांतरात सापडणार नाही: 'वाटणे'. हे क्रियापद भावनेलाही चालतं आणि मतालाही. 'मला एकटं वाटतं' ही भावना. 'मला वाटतं की तुला आमची पर्वा नाही' हा आरोप, फक्त भावनेचे कपडे घालून आलेला. ओळखायची खूण म्हणजे 'वाटतं'च्या पुढे 'की' आला किंवा येऊ शकत असला तर ते मत. दुसरी खूण 'सारखं'. 'दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं', 'वापरून घेतल्यासारखं वाटतं', यांत दुर्लक्ष करणारा आणि वापरून घेणारा कोण, हे न सांगता सांगितलेलं असतं. समोरचा लगेच 'मी कुठे दुर्लक्ष केलं?' म्हणतो आणि गाडी रुळावरून उतरते. ('रडावंसं वाटतं' मात्र भावनाच. तिथला 'सं' वेगळा.)

विनंतीचंही तेच. आपल्या घराघरांत विनंती '-त जा' लावून होते. 'जरा लक्ष देत जा', 'वेळेवर येत जा', 'सांगून जात जा'. या रूपात दिवस नाही, वेळ नाही आणि 'तू आजवर हे करत नव्हतास' असा निकाल आधीच दिलेला आहे. त्याऐवजी '-शील का' आणि त्याला वेळ जोडायची. 'उद्या निघायला उशीर होणार असेल तर सातपर्यंत सांगशील का?' पहिल्या रविवारी गटाला एवढंच द्या: आठवडाभर घरातले '-त जा' मोजायचे. आपले. दुसऱ्याचे नाही.

आणि अव्ययं. 'च', 'तरी', 'पण'. 'तूच ना', 'एवढं तरी', 'छान झालीय पण'. एका अक्षरात अख्खा टोमणा मावतो. एलिसची सगळी शिकवण मराठीत त्या 'च'वर आणून ठेवता येते: 'त्यानं समजून घ्यावं' ही इच्छा, 'त्यानं समजून घेतलंच पाहिजे' हा अट्टहास. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, अट्टहास मोडला तर डोक्यात तिडीक जाते. लिहून काढताना 'च' खोडायचा आणि वाक्य परत वाचायचं, इतकाच व्यायाम.

भरदुपारी

हे पटलं. एक आपल्या बाजूची गोष्ट जोडतो. 'तू काय करून राहिला?' हे आपल्याकडे सरळ विचारणं आहे. पुण्या-कोल्हापूरकडची सून घरात आली की तिला ते दरडावल्यासारखं लागते. अन् तिचं 'जरा देतोस का?' आपल्याले टोमणा वाटते. दोघंबी साधंच बोलून राहिले असतात. पुस्तक उघडाच्या आधी हे एकमेकांले सांगून ठेवलं तर दोन-चार भांडणं तिथंच वाचतात.

मोजूनमापून

काय घेऊ नये ते मी सांगतो, कारण दुकानदार तेच आधी काढून देईल.

पुरुष एका ग्रहावरचे आणि बायका दुसऱ्या, असं सांगणारं १९९२ चं पुस्तक. वाचायला गमतीचं, आधार कच्चा. जॅनेट शिबली हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या ४६ विश्लेषणांचा आढावा घेतला. त्यातले ७८ टक्के फरक अगदी किरकोळ किंवा जवळपास शून्य निघाले. हे पुस्तक घरात आलं की 'तुम्ही पुरुष असेच' या वाक्याला विज्ञानाचा शिक्का मिळतो, नुकसान ते आहे.

प्रेमाच्या पाच भाषांवरचं पुस्तकही १९९२ चंच. कौतुकाचे शब्द, एकत्र वेळ, भेटवस्तू, कामात मदत, स्पर्श. लेखक चर्चमध्ये समुपदेशन करणारे. 'प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते आणि ती जुळली की संसार सुखाचा' या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं २०२४ मध्ये आलेल्या संशोधन-आढाव्यात मांडलंय. विचारलं तर बहुतेकांना पाचही हव्या असतात. तरी हे पुस्तक ठेवा, पण मेनूकार्डासारखं वापरा. त्याचा रक्तगट केला की 'तुझी भाषा भेटवस्तूंची ना, मग आणली की साडी, आता ऐकून काय घ्यायचं?' इथपर्यंत गाडी जाते.

तिसरं, कुठल्याही पुस्तकात किंवा शिबिरात '७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली' दिसलं की ते मिटून ठेवा. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून जोडलेले आहेत. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला लावली होती. सगळ्या संभाषणाला ते लागू नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच सांगितलंय. शब्द सात टक्केच असते तर अनुस्वार यांनी वर एवढा घाम गाळला नसता.

गॉटमनबद्दलही एक सावधगिरी. 'पंधरा मिनिटं पाहून घटस्फोट होणार की नाही ते ९० टक्के अचूक सांगतात' ही जाहिरात जपून घ्या. ज्या जोडप्यांचा निकाल आधीच माहीत होता त्यांच्यावरच सूत्र बसवलं, नव्या जोडप्यांवर ते तितकं टिकेल असं नाही, ही त्यावरची जुनी आणि रास्त टीका आहे. त्यांची निरीक्षणं मात्र वापरण्यासारखी आहेत. जोडप्यांच्या भांडणांपैकी ६९ टक्के विषय कायमचे असतात, सुटत नाहीत, फक्त सांभाळायचे असतात. आणि टिकलेल्या जोडप्यांत भांडण चालू असतानाही एका बोचऱ्या बोलण्याला पाच बरी वळणं असतात: मान हलवणं, हसू, 'हं, बरोबर आहे', हातावर हात.

आणखी एक. 'समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत परत म्हणा' हा सल्ला सगळीकडे असतो. गॉटमन यांच्याच १९९८ च्या अभ्यासात नवविवाहित जोडपी भांडताना असं करताना जवळपास दिसलीच नाहीत, सुखी जोडपीसुद्धा. जिच्यावर तोफ डागलीय तिनंच शांतपणे 'म्हणजे तुला असं म्हणायचंय का की मी आळशी आहे' म्हणायचं, ही अपेक्षा माणसाला पेलत नाही.

महालकर

मोजूनमापून यांच्याशी सहमत, म्हणूनच ऐकण्याचा सराव भांडणाच्या बाहेर करायचा. गॉटमननंच दिलेला रोजचा अर्धा तास घ्या. पंधरा मिनिटं एकाची, पंधरा दुसऱ्याची. फोन दुसऱ्या खोलीत. विषय घराबाहेरचा: ऑफिस, नातेवाईक, वर्धा रोडवरची वाहतूक. घरातली तक्रार या वेळात बंद. ऐकणाऱ्यानं सुरुवातीला एकच विचारायचं: 'काही सुचवू, की नुसतं ऐकू?' उत्तर 'नुसतं ऐक' असेल तर सल्ला तोंडातच ठेवायचा. आणि बाजू घरच्या माणसाची घ्यायची. साहेबाचं कसं बरोबर होतं हे समजावून सांगायची ही वेळ नव्हे.

फसतं कुठे? तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'आज काही विशेष नाही' म्हणून दोघं टीव्हीकडे वळतात. तेव्हा 'आज काय झालं?' विचारू नका, उत्तर 'काही नाही' असंच येतं. 'आज कोणी डोकं खाल्लं?' विचारा.

भांडण चालू असताना काय, तर पहिली तीन मिनिटं जपायची. तक्रार जशी सुरू होते तशीच ती बहुधा संपते. 'टाकी परत कोरडी' ही तक्रार. 'तुला सांगून उपयोगच नाही' ही टीका, तिथे माणूसच मोडीत काढला. त्यापुढची पायरी तुच्छतेची, आणि गॉटमनच्या यादीतली सगळ्यात विषारी तीच. आपल्याकडे ती फार सहज येते: 'आले मोठे', 'हो का?', तोंड वाकडं करून आवाज काढून दाखवणं, 'माहेरचं वळण'. उरलेले दोन प्रकार म्हणजे बचाव ('मी एकटाच राहतो का या घरात?') आणि भिंत होऊन बसणं.

बचावाला उतारा आहे, तक्रारीतला खरा तुकडा उचलून मान्य करायचा. 'हो, काल माझ्याकडून राहिलं.' इथे थांबायचं. यापुढे 'पण' आला की उतारा फुकट.

भिंत झालेल्या माणसाला बोलतं करायचा प्रयत्न करू नका. नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, २५ च्या पुढे असेल तर विराम. किमान २० मिनिटं, कारण शरीर खाली यायला तेवढा वेळ घेतंच. विराम घेताना परतायची वेळ सांगायची: 'मी साडेनऊला येतो, मग बोलू.' नुसतं 'जाऊ दे' म्हणून उठून गेलं तर दुसऱ्याला ते टाकून गेल्यासारखं होतं आणि तो मागे मागे येतो. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात उलट उत्तरं तयार करत बसलं तर नाडी उतरत नाही. फुटाळा तलावापर्यंत चक्कर मारा. (मे महिन्यात दुपारी नको, भांडणापेक्षा ऊन लागून जाल.)

कमी_साखर

सगळी चर्चा नवराबायकोवर चाललीय. गटात दोन सासूबाई आहेत म्हणता, तर ही पुस्तकं चौकोनी कुटुंबासाठी लिहिलेली आहेत हे आधी लक्षात घ्या. आपल्या घरांत भावना वरून खाली बोलता येते, खालून वर तितकी नाही. सुनेनं 'आई, तुम्ही असं बोललात की मला वाईट वाटतं' म्हटलं की स्वयंपाकघरात तीन दिवस भांड्यांचाच आवाज. तिथे भावनेचा भाग गाळून सल्ला मागावा: 'आई, मला आठला निघायचं असतं. सकाळचा ओटा कसा उरकावा, तुम्हीच सांगा ना.' निरीक्षणही आलं, गरजही आली आणि वडीलपणा जागेवर राहिला. सासूबाईंनीही उलट बाजूनं 'आम्ही ठरवलं'ऐवजी 'आपण ठरवू' म्हणून बघावं. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरची व्यक्ती त्या घराबाहेर उभी राहते.

दुसरी गोष्ट निरोप्यांची. कुटुंबोपचारातले मरे बोएन याला त्रिकोण म्हणत: दोघांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढायचं. 'सांग तुझ्या बाबांना जेवायला या म्हणून', तेही बाबा समोर बसलेले असताना! मुलगा म्हणजे टपाल नव्हे. नियम साधा ठेवा: आपल्या आईवडिलांशी आपण बोलायचं, बायकोला पुढे करायचं नाही. नणंदेची तक्रार नणंदेशीच, जावेकडे नाही.

एरिक बर्नचं १९६४ चं पुस्तक या कामाला अजूनही चांगलं. प्रत्येकात पालक, प्रौढ आणि बालक असे तिघं असतात. 'कूलरमध्ये पाणी आहे का?' हा प्रौढानं प्रौढाला विचारलेला प्रश्न. उत्तर येतं, 'सगळं मीच बघायचं का?' हे बालकानं पालकाला दिलेलं. कोणी कोणाला उद्देशून बोललं याच्या या दोन रेषा एकमेकींना कापल्या की संभाषण तिथेच अडतं. उपाय म्हणजे आपण पुन्हा प्रौढाच्या जागेवरूनच बोलायचं: 'नाही, मी भरते. फक्त आहे का ते सांग.' वहीवर दोन उभ्या रांगांत तीन-तीन गोल काढून गटात हे दहा मिनिटांत शिकवता येतं, सत्तरीच्या माणसांनाही.

मुलांशी बोलण्यासाठी थॉमस गॉर्डन (१९७०) किंवा फेबर-मॅझलिश (१९८०), दोघांपैकी एक. दुसरं जास्त सोपं, त्यात चित्रकथा आहेत. त्यातली एक युक्ती मराठीत फार छान चालते: भाषणाऐवजी एक शब्द. 'किती वेळा सांगितलं दप्तर वाटेत टाकू नको, कोणीतरी पडेल' याऐवजी 'दप्तर!' मात्र तो शब्द वस्तूचा हवा. मुलाचं पूर्ण नाव आडनावासकट घेतलं की ती युक्ती राहत नाही, समन्स होतं.

भरदुपारी

व्हॉट्सॲपवर भांडाचं नाही, हा नियम सगळ्यात वर टाका. तिथं आवाज नाही, तोंड नाही. 'बरं' असं लिहिलं तर ते होकार आहे का राग, देवाले माहीत. निळी खूण दिसली अन् उत्तर नाही आलं तर माणूस मनातच अख्खा खटला चालवते. तिथं फक्त किती वाजता, कुठं अन् काय आणाचं. बाकी घरी.

अनुस्वार

खरेदीबद्दल थोडं. भाषांतरित पुस्तक दुकानातच तपासायचं. संवाद असलेलं पान उघडा आणि चार वाक्यं हळू आवाजात म्हणा. जेवताना जे बोलता येणार नाही ते पुस्तक ठेवून द्या, मूळ कितीही नावाजलेलं असो. मग श्रेयपान बघा: मूळ नाव, मूळ साल, अनुवादकाचं नाव. अनुवादकाचं नाव नसेल तर बहुधा कोणीतरी कापून शिवलेला सारांश आहे. या विषयात सारांश निरुपयोगी ठरतात, कारण तत्त्वं दोन पानांत मावतात, शिकायचं असतं ते उदाहरणांतून, आणि कापताना आधी तीच जातात.

पदपथावरची स्वस्त प्रत घेत असाल तर फर्मे तपासा. फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सहसा १६ पृष्ठांचा असतो. चोरटी छपाई असली की एखादा फर्मा गायब किंवा दोनदा. १६, ३२, ४८, ६४ असं सांध्यांवर पृष्ठक्रमांक बघत गेलं की दोन मिनिटांत कळतं. आणि आधीच्या मालकानं पेन्सिलनं खुणा केलेल्या असतील तर अशी प्रत वाचनालयात नको. गटातले लोक पुस्तक सोडून त्या माणसाचा संसार वाचत बसतात.

गोकुळपेठी

खूप मिळालं, वाखु (वाचनखूण) साठवली. दोन शंका. माफीवर कोणीच लिहिलं नाही. आणि गटात अशी एखादी बाई आली की जिच्या घरी प्रश्न बोलण्याच्या पलीकडे गेलाय, तर?

कमी_साखर

दुसरीचं आधी. मारहाण, धमकी, पैसे किंवा फोन काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, यांतलं काही असेल तर यातलं एकही पुस्तक हातात देऊ नका. ही सगळी तंत्रं दोघांनाही न घाबरता बोलता येतं हे गृहीत धरून लिहिलीयत. जिथे भीती आहे तिथे 'मला काय लागतं' हे मोकळेपणानं सांगणं म्हणजे समोरच्याच्या हातात काठी देणं. शिवाय 'मी नीट बोलले असते तर त्यानं मारलं नसतं' हा विचार पक्का होतो. तिला गटासमोर काही विचारू नका, जोडीनं बसवून समेटही करू नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तक्रार त्यांच्याकडे करता येते. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास आणि मोफत. हे तीन आकडे कप्प्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुस्तक काढताना दिसतील असे. बाहेर लावले तर ज्यांना लागतात त्या सगळ्यांसमोर वाचणार नाहीत.

महालकर

माफी. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले. त्यांत सर्वांत जड निघालं ते 'चूक माझी' हे मान्य करणं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत हलकं निघालं ते 'मला माफ कर' अशी विनवणी. आपण नेमकं उलट करतो, विनवणी आधी आणि कबुली गायब.

मराठीत पळवाटा तीन. 'सॉरी ना', यातला 'ना' म्हणजे विषय संपव. 'तुला वाईट वाटलं असेल तर', म्हणजे वाटायला नको होतं. 'चुकून झालं', म्हणजे करणारा कोणीच नाही. त्याऐवजी कर्त्यासकट बोला: 'मी पाहुण्यांसमोर तुझ्या पगारावरून बोललो. ते चुकलं माझं. आजच दादाला फोन करून सांगतो.' तीन वाक्यं, त्यात कारण एकही नाही. कारण द्यायचंच असेल तर समोरच्यानं विचारल्यावर.

गोकुळपेठी

तर यादी अशी करते: रोझेनबर्ग, गॉटमन, बर्न, फेबर-मॅझलिश, आणि मराठीतून फडके. प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे दहा. उरलेल्या दोन जागांत हार्वर्डवालं आणि मेनूकार्ड म्हणून पाच भाषांचं. पहिल्या रविवारी पुस्तक उघडायचंच नाही, फक्त '-त जा' मोजायचं काम द्यायचं.

मोजूनमापून

+१. एक नियम पहिल्याच दिवशी सांगा: पुस्तकातला शब्द घरच्या माणसाला उद्देशून वापरायचा नाही. 'तू आत्ता बचाव करतोयस, पान अमुक' हे वाक्य म्हणजे नवीन हत्यार. आणि एका महिन्यात एकच तंत्र. चार एकदम सुरू केली तर कशानं फरक पडला ते कळत नाही, आणि घरचे 'काय झालंय तुला?' विचारायला लागतात.

भरदुपारी

म्हणजे आता पोराले 'पोचल्यावर फोन करत जा' बी म्हणाचं नाही का?

अनुस्वार

ते म्हणा. दारात उभं राहून म्हटलेलं मोजायचं नाही.